सुतळीची गाठ

क्रांती चौकाजवळच्या ग्रॅनाइटच्या दुकानात मला एक उंच बाई दिसली. घराचं काम तिनं स्वतःच अंगावर घेतलं होतं. सुतळीचं एक टोक पायाखाली दाबून तिनं दुसऱ्या टोकाची गाठ कमरेच्या वर ताणली आणि मिस्त्रीला दाखवली. "सैपाकाचा ओटा इथपर्यंत."

"ताई, एवढा उंच कुणी करत नाय. लोक हसतील."

"हसू द्या. वीस वर्षं वाकून भाकरी थापल्या, तवा कुणी रडलं नाय."

मिस्त्रीनं गुमान माप लिहिलं.

मी बुटकी. रोज पाटावर उभी राहून फोडणी देते, आणि नव्या ओट्यालाही जुनंच माप सांगून आले होते. तिथूनच आमच्या मिस्त्रीला फोन लावला. "ओटा थांबवा. मी सुतळी घेऊन येतेय."