डब्यात डबा, त्यात मामा

केराची बादली रिकामी करण्याआधी तिच्यात एकदा हात घालून बघायचं, हा आत्याचा नियम. कधीकाळी चांदीचा चमचा केरात गेला होता म्हणे, तेव्हापासून. राजारामपुरीतल्या तिच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरलाही तिनं हाच नियम लावला होता. पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची बादली उघडायची, पुसलेली एकेक फाइल चष्म्यातून न्याहाळायची आणि मगच ती रिकामी करायची. मी घाई केली की म्हणायची, "थांब की! चमचा गेला असंल."

मी कॉम्प्युटर शिकले ते तिच्याकडेच. क्लासवाल्यांनी नंतर नुसतं प्रमाणपत्र दिलं. डेस्कटॉपला ती सोपा म्हणे, म्हणजे घराची पुढची बैठकीची खोली. "सोप्यात पावण्यांनी बसायचं. सामान आत न्हेऊन ठेव." तिथं एखादी फाइल पडलेली दिसली, की सोप्यात कुणी ओला टॉवेल टाकल्यासारखं तिचं तोंड व्हायचं. फाइल हलवायची तर आधी कॉपी करायची, नव्या जागी उघडून बघायची आणि मगच जुनी पुसायची. 'कट' तिला अजिबात मंजूर नव्हतं. "मधीच लाइट गेली तर? हितं बी न्हाय आन् तितं बी न्हाय!"

तिची एकच गोष्ट मला पटत नसे. मोलाची वस्तू ती डब्यात डबा घालून ठेवी. पाटल्या डबीत, डबी तांदळाच्या डब्यात, आणि त्या डब्यापुढं आणखी चार डबे. कॉम्प्युटरवरही तेच. फोल्डरच्या आत फोल्डर, आणि नावं तर विचारू नका: 'यात काही नाही, पापडाची कृती आहे', 'हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे'. सगळ्यात आत मामा. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. नवा माइक आणला तेव्हा तो तपासायला ते काहीबाही बोलले होते, त्याचीच ती फाइल. ते गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून तेवढाच उरला.

यंदा आत्याच्या मुलानं तिला पुण्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. कॉम्प्युटर आतून टकटक करायला लागला होता, कधी मान टाकेल याचा नेम नव्हता. मामांना पेनड्राइव्हवर घ्यायला मी गेले, तर फाइल उघडेना आणि कॉपीही होईना. आत्याचा चेहरा उतरला. बांधाबांधीच्या गडबडीत कुणी पुसू नये म्हणून तिनं आदल्याच दिवशी बाहेरच्या फोल्डरांची नावं आणखी लांबलचक करून ठेवली होती. पडद्यावरचा संदेश मी तिला समजावून सांगितला. सगळ्या फोल्डरांची नावं एकापुढं एक जोडून फाइलचा पत्ता होतो, आणि तो कॉम्प्युटरला पेलणार नाही इतका लांब झाला होता.

"असं व्हय?" आत्या सावरून बसली. "मग पत्ता बारका कर की. पोस्टमनला घावला म्हंजे झालं."

बाहेरून सुरुवात करून आम्ही एकेक नाव छोटं करत आत गेलो. तिच्या धमक्या गेल्या आणि नुसते आकडे आले. फाइल कॉपी झाली. तिच्याच नियमाप्रमाणे मी ती माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितली. मामा खणखणीत बोलले, "हॅलो, हॅलो... अगं ए, ऐकाय येतंय का न्हाय? च्या टाक जरा!"

"टाकते की," आत्या म्हणाली आणि खरंच अर्धी उठली. मग आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता रडलो, ते लपवायची गरज दोघींनाही वाटली नाही.

"पोचली नीट. आता इथली पुसू?" मी रीतसर विचारलं.

"नगं." आत्यानं पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला. "हितंच ऱ्हाऊ दे त्येस्नी. पुण्यात न्हाय करमायचं त्येस्नी." मग तिनं स्वतः कॉम्प्युटर बंद केला, पडदा काळा होईपर्यंत थांबली आणि मगच भिंतीवरचं बटण दाबलं.

आता आत्या पुण्यात मामांचा हुकूम ऐकून रोज चहा टाकते. कॉम्प्युटर माझ्याकडे आहे आणि तो आता सुरूही होत नाही. गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली, की आमचे हे म्हणतात, "देऊन टाक की ते धूड."

"थांबा की," मी म्हणते. "आत मामा आहेत."