खांदेमळणीचं आवतन

पोळ्याच्या दिवशी आमच्या लातूरच्या फ्लॅटमध्ये मी एक ताट जास्तीचं वाढते. सासूबाईंना वाटतं, शेतकऱ्याची लेक आहे, बैलांचा नैवेद्य काढते. वाटू दे. खरं सांगायला गेले तर मला वेड्यात काढतील, आणि त्यांचं काही चुकेल असंही नाही.

याची सुरुवात नांदेडला झाली. तेव्हा मी तिथल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवत होते आणि पीएच.डी. करत होते. विषय होता दगडी पाला. माझं माहेर रेणापूरकडचं. तिकडं रानात खुरपं लागलं की लोक हा पाला तळहातावर चोळतात आणि रस जखमेवर पिळतात. त्याच पाल्याचं मलम करायचं आणि जखम खरंच लवकर भरते का ते बघायचं, एवढंच माझं काम. पण माणसावर एकदम कोण लावू देणार? आधी पांढऱ्या उंदरांवर. आणि उंदराला हात लावायचा तर आधी समितीची मंजुरी.

समितीत आमचे प्राचार्य, एक जनावरांचे डॉक्टर, सरकारनं नेमलेले एक बाहेरगावचे सदस्य आणि एक निवृत्त गुरुजी. गुरुजींचा या शास्त्राशी काडीचा संबंध नव्हता. म्हणूनच त्यांना घेतलेलं, कारण बाहेरच्या माणसाची नजर हवी असा नियम आहे. बाकीच्यांना बैठक उरकायची घाई, आणि हे एकेक ओळ वाचत बसायचे. एवढे उंदीर कशाला? कमी जनावरांत भागणार नाही का? मी अर्जात ‘सॅक्रिफाइस’ असं लिहिलं होतं. आमच्यात सगळे तसंच म्हणतात. गुरुजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, म्हणजे मारणार ना, बाई? मला लई राग आला. पण हो म्हणावं लागलं. अर्ज परत आला, पुन्हा केला, पुन्हा परत आला. शेवटी उंदीर कमी केले तेव्हा कुठं मंजुरी मिळाली.

उंदीर ठेवायची जागा म्हणजे कॉलेजच्या मागची बैठी खोली. तिथलं खाणंपाणी, झाडलोट आमचे शिपाई मामा बघायचे. मामा नायगावकडचे. घरी ट्रॅक्टर आला आणि भावानं बैलजोडी विकली, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. पिंजरे झाडताना उंदरांशी गप्पा मारायचे. आज का खाल्लं नाहीस, पाणी का सांडलंस, असं चालायचं. मी त्यांची थट्टा करायची, म्हणायची, मामा, ह्यांना औताला जुंपता का काय? ते हसायचे.

मग काम सुरू झालं. भूल देऊन प्रत्येक उंदराच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीचा एक लहान गोल तुकडा काढला. तिथं त्याची जीभ पोचत नाही, म्हणून ती जागा. काहींना आमचं मलम, काहींना बाजारातलं, आणि काहींना काहीच नाही. हे शेवटचं मामांना पटेना. ह्यांनी काय घोडं मारलं, असं त्यांनी मला विचारलं. मी समजावून सांगितलं की ज्यांना काहीच लावलं नाही त्यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय मलमाचा गुण कळत नाही. मामांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं.

पोळ्याच्या सकाळी मी जखमा मोजायला गेले. पिंजऱ्याचं झाकण काढलं आणि हळदीचा वास आला. उंदराचा खांदा पिवळाधमक. शेजारच्याचाही. सगळ्यांचेच. दुसरी कुणी असती तर बुरशी धरली म्हणाली असती. मी रेणापूरची, मला बघताक्षणी कळलं. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होती.

वर्षभर जू वाहून बैलांच्या खांद्यांना घट्टे पडतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते खांदे शेकायचे, हळद आणि लोणी लावून मळायचे, आणि मग बैलांपुढं हात जोडून म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ आमच्या घरी हे म्हणायचा मान माझा होता. मी इतक्या मोठ्यानं म्हणायची की शेजारच्या गोठ्यातले बैल कान टवकारायचे.

मामा आले ते पुरणपोळीचा डबा घेऊनच. डबा कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. काय केलंत हे, एवढंच मी म्हणाले.

“खांद्यावर जखम घिऊन जनावर हुबं हाय, मॅडम,” मामा म्हणाले. “खांदेमळणीला तसंच कसं सोडावं?”

हळद जखमेवरचं आपलं घरोघरचं औषध. आता कुठली जखम पाल्यानं भरली आणि कुठली हळदीनं, हे देवालाही सांगता आलं नसतं. सगळं काम मातीत गेलं होतं. मामांना मी काय काय बोलले ते आठवायचं म्हटलं तरी नको वाटतं. डबाही उघडू दिला नाही. उंदरांचा आहार ठरलेला, त्यात पुरणपोळी कशी चालेल?

माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, पुसून काढा आणि पुढं मोजत राहा, कुणाला कळतंय? मी म्हणाले, मला कळतंय ना, सर. मग ते चिडले. नवे उंदीर मागायचे तर पुन्हा अर्ज करा, म्हणाले, विद्यापीठाची मुदत संपत आली आहे, समितीच्या येत्या बैठकीत मंजुरी मिळाली नाही तर पीएच.डी. विसरायची. माझी नोकरीही त्याच्यावरच टांगलेली होती.

बैठकीत मी घडलं तसं सांगितलं. मामा बाहेर बाकावर बसून होते. कुणी हसलं. कुणी म्हणालं, असला माणूस ठेवायचाच कशाला. शेवटी समज देऊन कामावर ठेवा असं ठरलं. गुरुजी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडून बसले. आधीच्या उंदरांचं काय करणार?

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते आता दुसऱ्या कशाला वापरता येत नाहीत, आणि बाहेर सोडताही येत नाहीत. जखमा भरल्यात, मग जगू द्या की, गुरुजी म्हणाले. कुठं ठेवायचे, असं प्राचार्यांनी विचारलं. जागा तेवढीच, पिंजरे तेवढेच. नवे आणायचे तर जुने रिकामे करावे लागणार. म्हणजे माझी मंजुरी त्यांच्या मरणाला बांधलेली होती. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मला ती मंजुरी हवी होती, जिवापाड हवी होती. मी टेबलाकडं बघत राहिले. थोड्या वेळानं गुरुजींनी सही केली.

पिंजरे रिकामे करायच्या दिवशी मदतीला मामाच होते. एकेक उंदीर ते ओंजळीतून माझ्याकडं द्यायचे, अंघोळ घातलेलं लेकरू द्यावं तसं. जखमा भरून आल्या होत्या. पण पांढऱ्या केसांत हळद अजून फिकट दिसत होती. मी भुलीचं इंजेक्शन जास्त प्रमाणात देत होते. उंदीर हातातच सैल पडायचा. मध्येच मामा थांबले.

“मॅडम, ह्यांना आवतन दिलतं मी. जेवले न्हाईत ते. आता कुणाकडं येतील?”

माझं डोकं आधीच फिरलेलं. पुढची सिरिंज भरून मी हात पुढं केलेला.

“माझ्याकडं येतील,” मी फटकन म्हणाले. “माझ्याकडं पाठवा सगळ्यांना. द्या तो इकडं.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी चिडून बोलले हे त्यांना कळलं नाही, का कळूनही त्यांनी ते खरं धरलं, हे मला आजवर उमगलेलं नाही. त्यांनी ओंजळ तोंडाजवळ नेली आणि त्या उंदराच्या कानाशी हळूच म्हणाले, “मॅडमकडं जा.” मग मला दिला. पुढच्याला सांगितलं. त्याच्या पुढच्याला. राहिलेल्या सगळ्यांना सांगितलं. मला त्यांना थांबवता आलं नाही.

नवे उंदीर आले, काम झालं, पाल्याला गुण निघाला. मी डॉक्टर झाले आणि लातूरला नोकरी धरली. आता इथल्या समितीत मीच बसते, पोरींचे अर्ज वाचते, एवढे कशाला म्हणून विचारते आणि सही करते. सही करताना कानाशी कुणीतरी कुजबुजतं. मान वळवून बघायचं मी आता सोडून दिलंय.

इथल्या पहिल्या पोळ्याला दुपारी स्वयंपाकघरात नखं घासल्यासारखा आवाज आला. तिसरा मजला, घरात उंदीर नाही. ओट्याखाली बघितलं, डबे हलवले, काही नव्हतं. मामांचं ‘मॅडमकडं जा’ आठवलं. पुरणपोळीचे बारीक तुकडे करून ताट वाढलं आणि ओट्याजवळ खाली ठेवलं. तेव्हापासून दर पोळ्याला ठेवते. त्या दिवसानंतर तो आवाज मात्र पुन्हा कधी आला नाही.

मामा आता निवृत्त होऊन गावी असतात. पोळ्याच्या संध्याकाळी त्यांचा फोन येतो. पाऊसपाण्याचं बोलतात, भावाचं बोलतात, मग आवाज खाली घेऊन विचारतात, “आले का?”

“आले होते, मामा,” मी सांगते. “जेवून गेले.”

बरं झालं म्हणतात, आणि फोन ठेवतात. मी स्वयंपाकघरात येते. ताट वाढलं तसंच असतं, पोळीचे तुकडे कडेनं वाळलेले. सासूबाई हाक मारतात, नैवेद्य उचल म्हणतात. मी थोडं थांबते म्हणते, आणि तिथंच खाली बसून राहते.