आतल्या अंगाचे चार आकडे

"काका, गाडी गॅरेजमधनं आली. आता टायर तेवढे राहिलेत, चारी नवीन टाकायचेत. तुम्हीच बघा. दुसऱ्या कुणाचं मला पटत नाही."

साक्षी एवढं बोलून काठी टेकत आत गेली. लालासाहेब पिसाळ "व्हय ताई" म्हणाला आणि जीपचं आधीच पुसलेलं बॉनेट पुन्हा पुसत राहिला.

लालासाहेब औंधकडचा. फौजेत बावीस वर्षं ट्रक हाकला, लडाखच्या बर्फात हाकला, आसामच्या चिखलात हाकला, आणि एकही डाग न लागता पेन्शनीत आला. त्यानंतर पलूसच्या मानसिंगदादांकडं ड्रायव्हर म्हणून राहिला, त्याला आता बारा वर्षं होत आली. दादांचा द्राक्षबागांचा आणि बेदाण्याचा धंदा. साक्षी त्यांची एकुलती एक लेक. अठरा पुरी झाल्याबरोबर लायसन काढून ती ड्रायव्हिंग शिकायला बसली, ती लालासाहेबाशेजारीच. गिअर टाकताना खाली बघायचं नाही, उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात न्हाई. हे सगळं तिला त्यानं घोकून घेतलं होतं. पुढं तिनं हौसेनं एक जुनी परदेशी गाडी घेतली. पिटुकली, लाल, दोनच माणसं बसतील अशी. कापडी छत मागं दुमडलं की वरनं सताड उघडी. गावातली माणसं तिला साबणाची डबी म्हणायची. साक्षीही हसून तेच म्हणायची.

गेल्या श्रावणात सागरेश्वरच्या घाटात ही साबणाची डबी ओल्या वळणावर मागनं घसरली, गरकन फिरली आणि कठड्यावर जाऊन आदळली. साक्षीचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. आत सळई घातली. दीड महिना ती अंथरुणावर होती.

"पोरीच्या हातात असली गाडी दिली की हेच व्हायचं," असं भावकी म्हणाली. दादा दवाखान्यातच तिला वाट्टेल ते बोलले. साक्षीनं कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. "माझाच हात चुकला," एवढंच म्हणाली.

लालासाहेब तेव्हा तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो काही बोलला नाही, कारण त्या वेळी त्यालाही तसंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी तो गॅरेजात गेला. दादांनी गाडीतले कागद आणायला सांगितलं होतं. कागद काढले, आणि जाता जाता सवयीनं तो मागच्या चाकापाशी खाली वाकला. नक्षी खोल होती. नव्या टायराला असतात त्या रबराच्या बारीक मिशासुद्धा अजून झडल्या नव्हत्या. मागची ही दोन टायरं त्यानंच बसवून घेतली होती, अपघाताच्या अगोदर तीन आठवडे. त्या मापाची टायरं कुठं मिळत नव्हती, म्हणून त्यानंच फोनाफोनी करून लांबच्या एका दुकानातनं मागवली होती. नवी कोरी, कागदात गुंडाळलेली. त्यानं वासही घेऊन बघितला होता.

तो पाठीवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. टायरच्या आतल्या अंगाला, जिथं बाहेरनं नजर जात नाही, तिथं लांबट चौकटीत चार आकडे होते. बावीस अकरा. म्हणजे दोन हजार अकरा सालातला बाविसावा आठवडा. टायर बनून बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं ते कुठल्या तरी गोडाऊनात पडून वाळलं होतं. त्यानं नख रुतवून बघितलं. नख रुतेना. दगड होता नुसता. असलं रबर ओल्या डांबराला धरणार कसं?

फौजेत शंभर वेळा त्यानं हे आकडे वाचले होते. नव्या पोरांना वाचायला शिकवले होते. या वेळी मात्र नक्षी बघितली, मिशा बघितल्या, आणि आकडा बघायचा राहिला.

तो गाडीखालनं बाहेर आला, हात धुतले, कागद घेतले आणि घरी आला. आज सांगू, उद्या सांगू. आधी तिचं ऑपरेशन होऊ दे. मग, टाके निघू देत. मग, चालायला तरी लागू दे. असे आठ महिने गेले. आठवड्यातनं दोनदा तो तिला जीपमधनं कऱ्हाडला पायाच्या व्यायामाला न्यायचा. पूर्वी ती शेजारी बसून त्याच्या चुका काढायची. आता मागं बसायची, आणि समोरनं ट्रक आला की तिचा चांगला पाय जीपच्या तळाला दाबला जायचा. ते त्याला आरशात दिसायचं. घरी बायको बनुबाई विचारायची, "आवं, जेवान का जाईना तुमाला?" तर म्हणायचा, पित्त झालंय.

आणि आता टायर निवडायला पुन्हा तोच.

लालासाहेबानं गाडी ठोकळ्यांवर चढवली, चारी चाकं काढली, टेम्पोत टाकली आणि कऱ्हाडजवळचं मलकापूर गाठलं. तिथं हायवेला चांदसाहेब मणेराचं टायरचं दुकान. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, मोटारसायकली, जे येईल त्याची चाकं चांदसाहेबाच्या हाताखालनं जायची. दोघांची ओळख तीस वर्षांची.

"एकशे पंच्याण्णव, पन्नास, पंधरा," चांदसाहेबानं टायरवरचं माप वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे माप आपल्याकडं कोण घालतंय गड्या? पंचावन्नचं देतो की. आत्ता हाय दुकानात. मापात बोटभर फरक."

"चाक पुरं वळवलं की मडगार्डाला घासंल."

"जरासं."

"जरासं न्हाई चालायचं."

चांदसाहेबानं कोल्हापूरला फोन लावला, बेळगावला लावला. बेळगावात दोन मिळत होती. "दोन नवी पुढं घाल, मागं हायेत ती राहू देत. नक्षी बघ की, नवीच हायेत."

लालासाहेब एकदम ओरडला, "ती हितनं बाहीर काढ!"

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. जुनी दोन टायरं चांदसाहेबानं स्वतः उतरवून मागच्या पत्र्याच्या शेडात टाकली.

दुसऱ्या दिवशी पुण्यातनं चार टायरांचे फोटो आले. लालासाहेबानं मोबाइल डोळ्याजवळ नेऊन आकडे वाचले. तीन टायरं सहा महिन्यांची, एक चार वर्षांचं. नको म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे आले, सगळे ताजे. त्यानं ते रबर कडक असतं म्हणून नाकारले. मग आणखी एका कंपनीचे. त्यांची नक्षी पाणी नीट फेकत नाही म्हणाला. चौथ्या दिवशी तो सकाळपासून दुकानातल्या बाकावर बसून होता, आणि सांगायला गेलं तर कुठलंच टायर त्याला चालणार नव्हतं. जगात असं टायर बनलंच नव्हतं की ज्याच्यावर ती पोर बसली असती आणि त्याला भीती वाटली नसती.

चांदसाहेब हातातला पाना ठेवून त्याच्याजवळ येऊन बसला. "लाला, तुला टायर नको हायेत. काय पायजे ते तरी सांग."

तेव्हा लालासाहेबानं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. बावीस अकरा. रस्त्यावरनं ट्रक जात होते, त्यामुळं दोनदा त्याला थांबून पुन्हा सांगावं लागलं. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता जरा हलकं वाटंल. काही वाटलं नाही.

"मला सांगून काय उपेग?" चांदसाहेब म्हणाला. "मी पडलोय का घाटात?"

"आता सांगून काय हुणार? आठ म्हैने झालं."

"मग नऊ हू दे."

लालासाहेब उठला. पुण्यातनं पहिले फोटो आले त्या कंपनीचेच, पण चारी ताजे टायर मागव, एवढं सांगून तो रिकामा टेम्पो घेऊन पलूसला आला. वाटेत ताकारीला गाडी बाजूला घेऊन त्यानं चूळ भरली.

साक्षी बेदाण्याच्या शेडवर होती. दुपारचं ऊन जाळ्यांतनं आत येत होतं आणि रॅकवर हिरवी-पिवळी द्राक्षं वाळत पडली होती. ती स्टुलावर बसून बेदाणा निवडत होती, काठी शेजारी टेकवून.

"मिळाले का टायर?" तिनं विचारलं.

"दोन दिवसांत येतील."

"बरं झालं. तासगावचा एकजण शनिवारी गाडी बघायला येतोय. टायर चांगले असले की सौदा होईल."

लालासाहेबाला आधी कळलंच नाही. "कसला सौदा?"

"विकून टाकतेय काका." ती बेदाण्याकडंच बघत होती. "मला नाही जमत. दादा म्हणत होते ते खरंय. काहीजणांच्या हातात नसतंच ते. तुम्ही एवढं शिकवलं, पण हातातच नसेल तर तुम्ही तरी काय करणार?"

तो मटकन खाली बसला. तिला वाटलं, ऊन लागलं. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. ती न घेताच त्यानं सांगायला सुरुवात केली. मध्ये थांबला नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. टायर कुठनं आणले, कसे बघितले, काय बघायचं राहिलं, गॅरेजात गाडीखाली काय दिसलं. "ताई, तुमचा हात चुकला न्हवता. ते वळण तुमी बरोबर घेतलं व्हतं. टायरनं रस्ता सोडला. आन ती टायरं म्या आणली व्हती."

बेदाण्याच्या ढिगात साक्षीची बोटं तशीच थांबली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चवथ्या दिवशी."

"चौथ्या दिवशी," ती म्हणाली. मग हळूहळू तिचा आवाज चढत गेला. "काका, मी रोज त्या वळणावर जाते. झोपायच्या आधी जाते, जेवताना जाते. स्टेअरिंग कुठं जास्त फिरवलं, ब्रेक कुठं लागला, शोधत बसते. आठ महिने शोधतेय. मला ते सापडत नव्हतं म्हणून वाटायचं, मला एवढंसुद्धा कळत नाही. आणि तुम्ही पुढं बसून मला कऱ्हाडला नेत होता. आरशात बघत होता माझ्याकडं."

"व्हय."

"पायाचं मला काही नाही. टायर कुणाकडूनही चुकलं असतं."

तो उठून उभा राहिला. चुकलं म्हणायला तोंड उघडलं, पण ते आठ महिन्यांपूर्वी म्हणायचं होतं.

"जावा तुम्ही," साक्षी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगदादांनी त्याला ओसरीवर बोलावलं. तो नोकरी सोडायच्या तयारीनं, जीपची किल्ली हातात घेऊनच गेला. दादांनी किल्ली घेतली. "उद्यापासनं बेदाण्याच्या टेम्पोवर जा. ताईच्या गाडीवर नको." मग ते अंगणाकडं वळले. "दवाखान्यात मी पोरीला काय काय बोललो, ठावं हाय का तुला? तू हुतास की तिथं उभा."

"हुतो दादा."

"कळल्यावर तरी एक शब्द टाकला असतास," असं म्हणून दादा आत निघून गेले.

टायर आले त्या दिवशी चांदसाहेबाचा फोन आला. लालासाहेब गेला, चारी आकडे बोटानं चाचपून वाचले, आणि आकड्याची बाजू बाहेर येईल असं टायर चढवायला लावलं. चांदसाहेब म्हणाला, "उलटं-सुलटं चालतंय ह्या टायराला, म्हणून करतो." चाकं पलूसला आणून त्यानं गाडीला लावली. नट आवळत असताना साक्षी बाहेर आली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. काठीवर भार देत, दुखरा पाय लांब करून ती एकेका चाकापाशी वाकली आणि मोठ्यानं आकडे वाचले. चारी ठिकाणी एकच. तासगावच्या माणसाला तिनं आदल्या दिवशीच फोन करून नको म्हणून सांगितलं होतं.

ती आत बसली. काठी शेजारच्या सीटवर आडवी टाकली. डावा पाय क्लचवर दाबताना तिचा चेहरा पिळवटला. गाडी एकदा बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. लालासाहेब दोन पावलं पुढं झाला, तसा तिनं हात वर केला, तिथंच थांबा म्हणून. तिसऱ्यांदा गाडी फाटकातनं बाहेर पडली आणि कुंडलच्या दिशेनं गेली. म्हणजे घाटाकडंच.

पुढचा दीड तास लालासाहेब फाटकापाशी उभा होता. लडाखच्या वाटेवर दरडी कोसळताना त्यानं रात्री काढल्या होत्या, पण त्या दीड तासासारखं काही त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं. लांबनं कुठलाही हॉर्न वाजला की तो फाटकाबाहेर दोन पावलं टाकून बघायचा. शेडवरची एक बाई चहा घेऊन आली, तो त्याच्या हातात थंड झाला. फोन करावा, तर चालवताना ती उचलणार कशी? टेम्पो घेऊन मागनं जावं, तर तिनं तिथंच थांबा म्हणून हात केलेला. त्यानं जोतिबाचं नाव घेतलं, यमाईचं घेतलं. मग तेही थांबलं आणि तो नुसता रस्त्याकडं बघत राहिला.

गाडी आली ती सावकाश. छत उघडं होतं. साक्षीच्या केसांचा पार विस्कोट झाला होता आणि डोळे लाल होते, वाऱ्यानं की कशानं, देव जाणे. त्याच्या अंगावरनं ती आत गेली, गाडी सावलीत लावली, काठी घेतली आणि घरात गेली. लालासाहेबानं जाऊन चारी टायरांवर हात ठेवला. गरम होते.

त्यानंतर तो बेदाण्याचा टेम्पो चालवू लागला. तासगाव, सांगली, कधी पंढरपूरकडं. साक्षी वाटेत दिसली तर तो टेम्पो कडेला घ्यायचा, आणि ती निघून जायची. तिच्या मनातनं तो उतरला होता, हे तो धरूनच चालला होता. बनुबाईला त्यानं सगळं सांगितलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

आषाढात एकदा तो सांगलीच्या मार्केटात माल उतरवत असताना फोन वाजला. साक्षीचा नंबर. त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले.

"काका, हवा पुढं किती, मागं किती?"

"चारीत अठ्ठावीस. टायर थंड असताना बघा ताई. चालवून आल्यावर न्हाई."

"बरं."

फोन बंद झाला. हमाल पुढची पेटी कुठं ठेवायची म्हणून विचारत होता. त्यानं दोनदा विचारलं, तेव्हा लालासाहेबाला ऐकू आलं.