मी चौकशी सोडली तेव्हाचे किस्से

आमच्या लेडीज रूमच्या कपाटात एक खण विसरलेल्या वस्तूंचा आहे. छत्र्या, क्लिपा, चष्म्याची घरं, एकाच पायातलं पैंजण. न्यायला कोणी येत नाही आणि टाकवत नाही, म्हणून साठत जातं. कॉलेजातल्या किश्शांचंही माझ्याकडे तसंच झालंय. परळच्या कॉलेजात मुलींची ही खोली मी एकवीस वर्षं सांभाळते. शिक्षण माझं नववी, पण कानावर पडून पडून बी.कॉम. दोन-तीनदा झालं असेल.

मला चौकशीची सवय आहे, हे आधीच सांगते. काळाचौकीला आमच्या चाळीत मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. कुणाकडे कुकरची शिट्टी झाली नाही तरी मी दारात उभी, "काय गं, बरं नाही का?"

*

मागच्या वर्षी कॉलेजात परिपत्रक आलं. मुलांना हल्ली फार टेन्शन येतं, तर त्यांना कसं सांभाळून घ्यायचं याचं ट्रेनिंग, सगळ्या स्टाफला कम्पल्सरी. ऑफिसातले क्लार्क, लायब्ररीवाले, आम्ही शिपाई लोक, सगळे हॉलमध्ये गोल करून बसलो. शिकवायला बाहेरून एक समुपदेशक मॅडम आल्या होत्या. वयाने लहान, बोलायला गोड.

त्यांनी पहिला प्रश्न परीक्षा विभागाच्या खिडकीवरच्या सावंतांना विचारला. "मूल तुमच्या खिडकीशी आलं की तुम्ही आधी काय बघता?"

"फॉर्म," सावंत म्हणाले.

"आणि ते रडत असेल तर?"

सावंतांनी जरा विचार केला. "तर फॉर्म आत ओढून घेतो. भिजला तर चालत नाही."

*

मग एक खेळ घेतला. मॅडम विद्यार्थिनी झाल्या आणि मी मी. त्या बोलणार, मी दोन मिनिटं नुसतं ऐकायचं.

"मावशी, मला झोपच लागत नाही," मॅडम म्हणाल्या.

"दुधात जायफळ घालून घे," मी म्हटलं. "घरी कोण कोण असतं? वडील काय करतात? कोणाशी भांडण झालंय का? गाव कुठलं तुमचं?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "मावशी, वीस सेकंदांत चार प्रश्न आणि एक औषध."

"आज त्यांची तब्येत नरम आहे," सावंत म्हणाले, "नाहीतर एव्हाना लग्न जमवलं असतं तुमचं."

अख्खा हॉल हसला, मॅडमही हसल्या. मग फळ्यावर त्यांनी तीन ओळी लिहिल्या. खोदून चौकशी नको. सल्ला नको. ऐकलेलं चार लोकांत नको. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही पहिली ओळ पाळलीत तरी पुष्कळ."

मी तिन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या.

*

जेवणाच्या सुट्टीत आम्हा शिपाई लोकांनी ताटं मांडली, वाढलं, उचललं. मग प्राचार्यांकडे पाहुणे आले, त्यांचा चहा झाला. मग हॉलचा चहा. कप धुऊन वर येते तो फोटोसाठी सगळे उभे राहिलेले. मलाही सर्टिफिकेट मिळालं. लॅमिनेशन करून मी ते घरी फ्रीजच्या वर लावलं. नवरा म्हणाला, "म्हणजे आता सरकारमान्य."

*

पण मी मनावर घेतलं, खरंच घेतलं. चाळीत म्हात्रेकाकू सुनेबद्दल सांगायला लागल्या तेव्हा मी मान डोलावून नुसती ऐकत राहिले. संध्याकाळी त्या माझ्या नवऱ्याला विचारत होत्या, "हिचं काही दुखतंय का?"

कॉलेजात सावंतही बदलले. खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला म्हणायचे, "बस. पाणी घे. घरी सगळं ठीक?" एक मुलगा नुसता झेरॉक्सवर शिक्का मारून घ्यायला आला होता, तो पांढराफटक पडला. "काका, मी काय केलंय?"

*

आता सायलीचं सांगते.

सायली आमच्याच चाळीतली, तीन दारं सोडून. तिची आई सुरेखा, एकटीने वाढवलेली पोर. आमच्या कॉलेजात तिला घातलं तेही मीच फॉर्म आणून दिला म्हणून. "शुभाताई तिथे आहे, मला घोर नाही," असं सुरेखा सगळ्यांना सांगायची.

दुसऱ्या वर्षाला दिवाळीनंतर सायली सकाळी साडेसातला कॉलेजातल्या माझ्या खोलीत येऊन बसायला लागली. खिडकीजवळचं बाक तिचं. साडेबाराला उठून घरी जायची. मधल्या वेळात एकाही तासाला नाही. पुस्तक उघडं, पान तेच.

आधीची मी असते, तर पहिल्याच दिवशी बाकावर तिच्या शेजारी बसले असते. आता मी तिच्याकडची खिडकी उघडून द्यायचे, पंखा लावायचे आणि स्टुलावर जाऊन बसायचे. आतून जीव तुटायचा, पण फळ्यावरची पहिली ओळ आठवायची.

तीच काहीतरी काढायची. "मावशी, हे घड्याळ पुढे आहे का?" "मावशी, आज मुली कमी आहेत ना?" मी हो म्हणायचे.

एक दिवस म्हणाली, "तुम्ही हल्ली काही बोलत नाही."

"ट्रेनिंग झालंय गं माझं," मी म्हटलं. कौतुकानेच म्हटलं.

"असं होय," ती म्हणाली आणि पुस्तकात बघत राहिली.

*

फेब्रुवारीत हजेरी कमी असलेल्यांची यादी बोर्डावर लागली. परीक्षेला बसता येणार नाही त्यांची. सायलीचं नाव वरून चौथं.

त्या संध्याकाळी सुरेखा गॅलरीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ती रोज तुझ्या खोलीत बसायची?"

"हो."

"आणि तू बघत होतीस?"

"विचारायचं नसतं म्हणून सांगितलं होतं गं आम्हाला."

"आख्ख्या चाळीला विचारतेस," सुरेखा म्हणाली. "माझ्याच पोरीच्या वेळेला तुझं तोंड शिवलं होतं?"

आत जाऊन तिने दार लावून घेतलं. आमच्या गॅलरीत दिवसाढवळ्या कोणी दार लावत नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी सावंतांना हे सांगितलं. त्यांनी खिडकी बंद केली, ड्रॉवरमधून ट्रेनिंगची वही काढली आणि माझ्यासमोर धरली. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: मूल गप्प गप्प दिसलं तर आपण होऊन सरळ विचारावे, तुला काय होतंय? उत्तर येईपर्यंत थांबावे. समुपदेशकाच्या खोलीपर्यंत स्वतः सोबत जावे.

"हे कधी सांगितलं?" मी विचारलं.

"दुपारी. सगळा दुपारचा भाग त्याच्यावरच होता. तुम्ही कुठे होतात, ताई?"

"कप धूत होते."

सावंतांनी वही मिटली. बाहेर रांगेतली मुलं काचेवर टकटक करत होती.

*

सायलीचं ते वर्ष गेलं. दादरला चष्म्याच्या दुकानात काउंटरला लागली. सुरेखा माझ्याशी कामापुरतं बोलते. मी सायलीच्या जायच्या-यायच्या वेळा टाळायचे. मला सगळ्यांच्या वेळा पाठ असतात, त्यामुळे टाळणं सोपं जायचं.

परवा चुकलं. मी बाजारातून पिशवी घेऊन वर येत होते आणि ती जिन्याच्या मधल्या वळणावर वाकून सँडलचा पट्टा लावत होती. मी भिंतीकडे सरकून तिला वाट दिली. ती हलली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "विचारा की."

वर्षभराचे प्रश्न होते माझ्याकडे. त्यातला एक तोंडाशी येईल तर शपथ. सर्टिफिकेटवाल्या बाईच्या तोंडून शेवटी निघालं ते एवढंच, "डबा घेतलास?"

"घेतला."

"भाजी काय आज?"

"गवार."

तिचा दुसरा पट्टा लावून झाला. मनगटावरचं घड्याळ तिने बघितलं, तिथेच पायरीवर बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

"अजून एक विचारा," ती म्हणाली.