लांब लेन्स आणि पोह्यांची प्लेट

सुमनताई, गुडघा कसा आहे? बापूजी, खोकला थांबला का? ब्लॉगची बाकी वाचक मंडळी मजेत ना?

आज सकाळी फोटोग्रुपबरोबर पोह्यांच्या दुकानावर गेलो. माझी बायको शोभा पहिल्यांदाच तिचा छोटा कॅमेरा घेऊन शिकायला आली होती. ग्रुपमधले एक लांब लेन्सवाले भिया, म्हणजे दादा, तिला म्हणाले, "भाभीजी, हे खेळणं घरी ठेवा!"

मग हे महाशय पोह्यांचा फोटो काढायला गेले, तर लेन्सला जवळचं दिसेचना! मागे सरकत रस्त्यापलीकडे पोहोचले आणि मधे सिटी बस उभी. असल्या लेन्सचं काय लोणचं घालायचं? शोभाने तोवर वाफाळते पोहे टिपलेसुद्धा.

तरी तो टोमणा मनाला लागला, घरी येऊन तिने कॅमेरा कपाटात टाकला. तिने काढलेला पोह्यांचा फोटो खाली लावलाय. खेळण्यातून असा फोटो निघतो का? तुमचं मत लवकर लिहा हं, ती कपाटापाशीच घुटमळतेय.