ठिणगीमामाने जाळलेली पेटी

माझ्या थोरल्या भावाला सगळी गल्ली ठिणगीमामा म्हणायची. मामा तो खरा फक्त माझ्या मुलाचा, पण त्याचं ऐकून ट्रकवाले, टायरवाले, चहावाला, सगळेच मामा म्हणायला लागले. ठिणगी हे नाव त्याच्या कामाच्या पद्धतीवरून पडलं. तारेत वीज येतेय की नाही हे बघायला त्याने कधी मीटर लावला नाही. तार सोलायची, ट्रकच्या पत्र्याला क्षणभर टेकवायची, चट् करून ठिणगी उडाली की वीज आहे. ठिणगीच्या रंगावरून बॅटरी किती उतरलीय हेही तो सांगायचा, आणि अंदाज चुकला की बॅटरीलाच शिव्या घालायचा.

भाऊ आहे म्हणून मी त्याला देवमाणूस ठरवणार नाही. राग कायम नाकावर, आणि स्वतःची टिमकी वाजवण्याची भारी हौस. "इंजिन काय, कोणीही उघडतं," असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा, "वायरिंगला डोकं लागतं." आणि हे कोणासमोर, तर इंजिनचं काम करणाऱ्या माझ्या नवऱ्यासमोर. वर्कशॉप यांचं, पण गिऱ्हाईक येई ते दादाच्या हातासाठी. त्यामुळे हे ऐकून घेत आणि वर घरी आले की माझ्यावर काढत. दादाने लग्न केलं नाही. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत त्याची खाट होती आणि जेवायला तो आमच्याकडे वर यायचा. भाजीला मीठ कमी असलं तर तेही सांगायचा.

मग गाड्या बदलल्या. पूर्वी बटण दाबलं की वीज सरळ दिव्यात जायची. आता बटण डॅशबोर्डखालच्या एका पेटीला विचारतं आणि दिवा लावायचा की नाही ते पेटी ठरवते. दिवे, वायपर, हॉर्न, दारांची कुलपं, सगळा कारभार तिच्या हाती. तिचं नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल, पण गल्लीत एवढं मोठं नाव कोण घेणार, सगळे नुसतं पेटी म्हणतात. माझा मुलगा ते काम शिकून लॅपटॉप घेऊन आला. "मामा, या गाड्यांना ठिणगी मारू नकोस," त्याने शंभरदा सांगितलं असेल, "एका ठिणगीत पेटी मरते."

"एवढ्यानं मरते, तर तिला ट्रकमध्ये घेतली कोणी?" दादाचं ठरलेलं उत्तर.

एक ट्रक आला तो भर उन्हात वायपर फिरवत. ड्रायव्हरच मालक होता आणि बिचारा रडकुंडीला आला होता. किल्ली काढली तरी पुढचे दिवे जळत राहायचे, आणि ब्रेक दाबला की कधीकधी हॉर्न वाजायचा. काचेच्या रबरातून पाणी झिरपून पेटीत गेलं होतं, पिना हिरव्या पडल्या होत्या. नवी पेटी मागवली. ती आली त्या सकाळी मुलगा दुसऱ्या एका बंद पडलेल्या गाडीकडे गेला होता. मी येईपर्यंत हात लावू नका, असं सांगून गेला होता. पण ड्रायव्हरचा माल भरायचा खोळंबला होता आणि तो शटरपाशी येरझाऱ्या घालत होता. दादाला ते बघवेना. "स्क्रू काढायचे, प्लग लावायचे. यात शिकून यायचं काय आहे?" म्हणत तो डॅशबोर्डखाली शिरला.

काम त्याने नीट केलं, हे मी बघितलंय. आधी बॅटरीची तार काढली. प्लग पुसून कोरडे केले, काचेचं रबर बदललं, पेटी बसवली, मग बॅटरी जोडली. आणि मग तो हात, जन्मभराच्या सवयीचा, आपसूक एका तारेकडे गेला. चट्. मी चहा घेऊन उभी होते, मलासुद्धा ऐकू आलं. त्याने किल्ली फिरवली. दिवा नाही, काटा हलला नाही, काहीच नाही. पुन्हा फिरवली. दादाच्या तोंडचं पाणी पळालेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"दादा, ठिणगी मारलीत?" यांनी विचारलं.

"मारली," तो म्हणाला. बॅटरीला नाही की पेटीला नाही, कोणालाच त्याने शिवी दिली नाही.

मुलगा आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "गेली वाटतं पेटी." ड्रायव्हर आरडाओरडा करायला लागला. आणि आमच्या यांनी एवढ्या वर्षांचं साठवलेलं सगळ्यांदेखत बाहेर काढलं. "यापुढे गाडीला हात लावू नका, दादा. बसून खा, आम्ही नाही म्हणणार नाही. पण हात लावू नका." मी यांच्या अंगावर धावून गेले. दादानेच मला बाजूला केलं. पक्कड आणि कटर टेबलावर ठेवले आणि तो मागच्या खोलीत गेला.

दुपारी मुलगा लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये बसला, दारं लावून. बऱ्याच वेळाने ट्रकचे सगळे दिवे एकदम लागले. गल्ली गोळा झाली. पोराने मेलेली पेटी जिवंत केली म्हणून जो तो त्याची पाठ थोपटायला लागला. दादाही खोलीतून बाहेर आला. "शाब्बास रे," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने खाट रिकामी केली आणि हायवेवरच्या एका गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. मी रडले, भांडले, जेवणार नाही म्हणाले. "माझा हात गेलाय गं," एवढंच तो म्हणाला.

इकडे वर्कशॉपला बरकत आली. जळालेली पेटी जिवंत करणारा म्हणून मुलाचं नाव लांबलांब गेलं, आणि मीही ते चारचौघींत मिरवलं.

परवा खाली चहा घेऊन गेले, तर दुसऱ्याच एका ट्रकमध्ये मुलगा नवी पेटी बसवत होता. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. एकही दिवा लागेना, आणि ड्रायव्हरचा चेहरा उतरला. माझा मुलगा हसला. "घाबरू नका हो. नवी पेटी कोरीच येते. जुनीतली माहिती तिच्यात भरली नाही तर ती मेल्यासारखीच असते."

चहाचे कप मी तिथेच बोनेटवर ठेवले.

"मग दादाची?" मी विचारलं.

त्याने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर चहा प्यायला बाहेर गेला तेव्हा बोलला. "आधी मलाही जळली असंच वाटलं, आई. जोडल्यावर कळलं, नुसती कोरी आहे. पण तोवर एवढे लोक जमले होते... सांगणारच होतो. मग मामाच निघून गेला."

वर येऊन यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस? गिऱ्हाइकं काय म्हणतील?" म्हणजे यांनाही माहीत होतं. ज्या दोघांना मी रोज रांधून वाढत होते, ते दोघंही मूग गिळून बसले होते. मला त्या घराची किळस आली, खरंच सांगते.

मुलाला दंडाला धरून गोदामावर नेलं. दादा गेटपाशी स्टुलावर बसला होता, वाळलेला, नको इतका शांत. मुलाने खाली मान घालून सगळं सांगितलं. माझा मुलगा बोलायला हवं ते बोलला, त्यात खोट नव्हती. दादाने ऐकून घेतलं, आणि त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून हसला.

"पढवून आणलंस ना याला?"

"दादा, तुझी शपथ!"

"अगं, चट् झालेलं मी या कानांनी ऐकलंय." मग आमचे चेहरे बघून त्याला आमचीच दया आली असावी. "बरं, नव्हती जळली. झालं समाधान?" रुसलेल्या पोराला समजावताना आमचा असायचा, तोच सूर होता.

मी भांडायला तोंड उघडलं, पण त्याच्याशी भांडण होईना. माझा दादा असता तर त्याने भाच्याच्या कानाखाली काढली असती, यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मी त्याचीच वाट बघत उभी राहिले.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. दादा उठला. गेट चांगलं मोटरचं होतं, भिंतीवर हिरवं बटण होतं. ते मोटरपासून सोडवून तो खांद्याने गेट ढकलायला लागला.

"मामा, बटण आहे ना?" मुलगा म्हणाला.

"आहे. पण आत पेटी आहे म्हणतात त्याच्या. मी नाही लावत हात."

मुलगा मदतीला धावला. लोखंडाला हात घालणार तोच दादाने त्याला कोपराने मागे सारलं.

"तू राहू दे," तो म्हणाला. "तुझे हात जप."