चालत्या गाडीतलं मतदान

सौदीत अल-खोबरहून दम्मामला आमच्या ऑफिसची व्हॅन चालवणारा सुदानी ड्रायव्हर मला ‘सदीक’ म्हणायचा, म्हणजे दोस्त. मीही त्याला सदीकच म्हणायचो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तिकडे त्याच्या गावात लढाई चालू होती. सरकारी माणसं केव्हाच पळाली होती, म्हणून गल्लीतल्या लोकांनीच समिती करून पाणी, दवाखाना आणि सगळ्यांचं एकत्र स्वयंपाकघर चालवलं होतं. समितीची सभा रोज सकाळी फोनवर भरायची, नेमकी आमची गाडी हायवेला लागली की. पाणी आधी मशिदीकडे सोडायचं की शाळेकडे, असं मतदान आलं की हा स्टिअरिंगवरचा उजवा हात उंच करी. ठराव एकमताने पास झाला तर दोन्ही हातांनी टाळ्या! मी ‘स्टिअरिंग धर!’ म्हणून ओरडायचो आणि मागे बसलेले आम्ही सगळे मनापासून प्रार्थना करायचो, की देवा, त्या गल्लीत थोडे मतभेद राहू देत.

एकदा मी वैतागून म्हटलं, “सदीक, फोनवर तुझा हात दिसतो कुणाला?”

“मला दिसतो,” तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. “तो खाली राहिला, तर मी गल्ली सोडली असं होईल.”

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेला मी सहा वर्षं ‘नेटवर्क नाही’ सांगून दांडी मारत होतो. पुढच्या रविवारी मात्र, सौदीत तो कामाचाच दिवस, व्हॅनमधूनच सभा जॉइन केली. टाकीच्या दुरुस्तीचा ठराव आला आणि कॅमेरा बंद असूनही माझा हात आपोआप वर गेला.

सदीकने आरशात पाहिलं आणि दोन्ही हात सोडून कडाडून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी मी ओरडलो नाही.